तेल, तूप आणि सांध्यांची सूज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमवात (रुमटॉइड आर्थ्रायटिस), सोरायसिस, आतड्यांचा दाह असे वर्षानुवर्षं चालणारे आजार ज्यांना आहेत त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरात फोडणी देणाऱ्यांसाठी हे पान आहे. मी कोल्हापुरात आहाराचा सल्ला देते, औषधं लिहून देत नाही. प्रश्न लोकांचे आहेत, मी ते थोडे नीटनेटके केलेत. उत्तरं कुणाला बरी वाटावीत म्हणून लिहिलेली नाहीत. काही ठिकाणी डॉक्टरांना आवडणार नाहीत, काही ठिकाणी मोबाइलवरच्या आरोग्यगुरूंना.

आमवातासाठी दोन वर्षं दवाखाना चालू आहे. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, गोळ्या तीनदा बदलल्या. पण घरात तेल कुठलं, किती लागतं, मासे खाता का, हे एकाही डॉक्टरनं विचारलं नाही. असं का?

विचारायला वेळ नाही, विचारायला कुणी शिकवलेलं नाही, आणि हा आपल्या खात्याचा विषय आहे असं त्यांना वाटतही नाही. तिन्ही कारणं खरी आहेत.

वेळेचं आधी. २०१७ साली जगभरातल्या दवाखान्यांतल्या भेटींचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या पेशंटला मिळणारा वेळ सरासरी २ मिनिटांच्या आसपास निघाला. तेवढ्यात हात बघायचा, रिपोर्ट बघायचा, गोळी लिहायची. तेलाच्या डब्यापर्यंत गाडी जाणारच नाही.

शिकवण्याचं असं, की एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी मुलं बायोकेमिस्ट्रीत स्निग्धाम्लांची, म्हणजे तेल-तुपातल्या फॅटी अॅसिडची, अख्खी साखळी पाठ करतात. परीक्षा झाली की विसरतात. आहार पुन्हा भेटतो तो कम्युनिटी मेडिसिनमध्ये, आणि तिथं जोर असतो कुपोषण, रक्तक्षय, गलगंड, ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता यांच्यावर. देशाची गरज तीच होती, त्यात कुणाची चूक नाही. पण त्यामुळे आहार म्हणजे काहीतरी कमी पडणं, एवढंच डोक्यात बसतं. तिकडे अमेरिकेतही २०१० च्या पाहणीत संपूर्ण वैद्यकीय शिक्षणात पोषणाचे सरासरी १९.६ तास भरले. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय प्रकाशनाच्या एका नियतकालिकात वेगवेगळ्या देशांचा आढावा आला, त्याचा निष्कर्षही तोच: देश कुठलाही असो, डॉक्टरांना आहार पुरेसा शिकवला जात नाही.

तिसरं कारण इतिहासाचं. अमेरिकी संशोधक अॅन्सेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांतल्या आहाराचा आणि हृदयविकाराचा अभ्यास सुरू केला, १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीनं चरबी कमी खाण्याची उद्दिष्टं जाहीर केली, आणि तेव्हापासून तेल-तुपाचा सगळा हिशेब कोलेस्टेरॉल आणि हृदय या एकाच वहीत लिहिला गेला. सांध्यांच्या डॉक्टरांना ती वही आपली वाटत नाही. त्यात १९४८ मध्ये आमवाताच्या पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं गेलं. अंथरुणाला खिळलेली माणसं काही दिवसांत चालू लागली. त्या चमत्कारापुढं ‘काय खाता’ हा प्रश्न फिका पडला तो पडलाच.

पण तेलाचा आणि सुजेचा संबंध खरंच आहे का?

आहे, आणि तो कुण्या गावठी वैद्यानं काढलेला नाही. त्यावर नोबेल मिळालेलं आहे.

आपण खाल्लेली स्निग्धाम्लं पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. त्यातलं एक अॅराकिडॉनिक आम्ल, ओमेगा-६ कुळातलं. इजा झाली, जंतू शिरले, किंवा आमवातासारखी शरीराची स्वतःशीच भांडणं लागली, की पेशी ते आवरणातून सुटं करतात आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन नावाची रसायनं बनतात. लाली, उष्णता, ठणका, सूज यांत त्यांचा मोठा हात असतो. मासळीत असणारी ओमेगा-३ कुळातली ईपीए आणि डीएचए त्याच आवरणात जागा धरतात, त्याच विकरांसाठी (एन्झाइमसाठी) ओढाताण करतात, आणि त्यांच्यापासून बनणारी रसायनं बरीच सौम्य असतात. शिवाय त्यांच्यापासून ‘रिझॉल्व्हिन’ नावाचे पदार्थ बनतात. दाहाचं काम संपलं की तो आवरता घेणं हे त्यांचं काम.

जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं. १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्यासोबत मिळालं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या सगळ्या दुखण्याच्या गोळ्या त्याच वाटेवर आडव्या पडतात. म्हणजे बघा, ज्या रसायनाचा कच्चा माल ताटातून येतो, त्याचा कारखाना बंद करणारी गोळी दिवसातून पन्नास वेळा लिहिली जाते, आणि कच्च्या मालाची चौकशी मात्र एकदाही होत नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच. पुढची सगळी उत्तरं तिच्याच भोवती फिरतात.

म्हणजे सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही तेलं विष आहेत हे खरं? गावच्या ग्रुपवर रोज येतं.

नाही. कागदावर हे गणित पटण्यासारखं दिसतं: या तेलांत ओमेगा-६ चं लिनोलेइक आम्ल भरपूर, त्यापासून अॅराकिडॉनिक बनतं, म्हणजे जास्त तेल, जास्त सूज. पण शरीर ही पायरी घट्ट धरून ठेवतं. लिनोलेइक आम्ल आहारात कितीतरी पटींनी वाढवलं तरी रक्तातलं अॅराकिडॉनिक आम्ल फारसं हलत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. निरोगी माणसांवरच्या १५ नियंत्रित चाचण्यांचा आढावा २०१२ मध्ये आला. लिनोलेइक आम्लानं दाहाचे निर्देशक वाढतात याचा पुरावा त्यात सापडला नाही.

चांगली बातमी म्हणून हे सांगितलं तर निम्मे लोक नाराज होतात. विष एकदा ठरलं की सोपं असतं, डबा बदलला की प्रश्न मिटला. खरी अडचण दुसरीकडे आहे: आपल्या ताटात ओमेगा-३ जवळजवळ नाहीच. पारडं एकीकडे कलतं ते तिकडच्या वजनानं कमी, इकडच्या रिकाम्या जागेनं जास्त.

मग हे सगळं माहीत असून मेडिकल सायन्स गप्प का? औषध कंपन्यांचा डाव आहे ना?

डाव म्हणण्याइतकं कुणी एकत्र बसलेलं नाही. पैसा जिकडे असतो तिकडे अभ्यास होतो, एवढं साधं आहे ते. साध्या मासळीच्या तेलाचं पेटंट कोण देणार? मग हजारो लोकांना पाच-पाच वर्षं तपासण्याचा खर्च कोण करणार? उलटं उदाहरणही आहे. ईपीएचा एक शुद्ध केलेला प्रकार औषध म्हणून पेटंटसह बाजारात आला, आणि लगेच ८,१७९ पेशंटांवर चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला: रोज ४ ग्रॅम घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी कमी. त्यावरही वाद आहे, कारण तुलनेच्या गटाला दिलेलं खनिज तेल स्वतःच अपायकारक असावं अशी शंका घेतली गेली, आणि २०२० मध्ये ईपीए-डीएचए मिश्रणाच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही.

दुसरं, आहाराची चाचणी करणं हीच डोकेदुखी. गोळीसारखी दिसणारी खडूची गोळी देता येते. बांगड्यासारखा दिसणारा, चवीला तसाच लागणारा खोटा बांगडा कुठून आणायचा? माणसं सांगतात एक, खातात दुसरं. जत्रा आली, लग्न आलं, की चाचणीचा आहार गुंडाळून ठेवला जातो. मग निकाल धूसर येतात आणि धूसर निकालांवर मार्गदर्शक तत्त्वं लिहिता येत नाहीत. डॉक्टरांचा हा संकोच मला समजतो. न समजणारी गोष्ट ही, की ‘पुरावा कमी आहे’ याचा अर्थ ‘विचारायची गरज नाही’ असा काढला जातो.

आमवातावर नेमका पुरावा काय आहे?

इतर दाहक आजारांपेक्षा इथं तो बरा आहे. १९८५ मध्ये जोएल क्रेमर यांची आहारातली स्निग्धाम्लं बदलून पाहणारी चाचणी लॅन्सेटमध्ये आली. त्यानंतर बऱ्याच छोट्या चाचण्या झाल्या. एकत्र पाहिलं तर मासळीच्या तेलानं सकाळचा ताठरपणा थोडा कमी होतो, दुखरे सांधे थोडे कमी होतात आणि वेदनाशामक गोळ्या कमी लागतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी आली. नव्यानं आमवात झालेल्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला जास्त मात्रेत मासळीचं तेल दिलं, तेव्हा औषधोपचार अपुरे पडण्याचं प्रमाण घटलं. ‘जोडीला’ हा शब्द कृपा करून पुन्हा वाचा.

अमेरिकी संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या २०२२ च्या मार्गदर्शनात पहिल्यांदाच आहारावर स्वतंत्र बोलायला घेतलं. भूमध्य सागराकाठच्या पद्धतीचा आहार, म्हणजे भाज्या, डाळी-कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल, हा त्यांनी सशर्त सुचवला. पूरक गोळ्या मात्र सुचवल्या नाहीत. म्हणजे दार किलकिलं झालंय, पण आपल्याकडच्या ओपीडीपर्यंत ही हवा यायला वेळ लागेल.

सोरायसिस? आतड्यांचा आजार?

सोरायसिसमध्ये मासळीच्या तेलाचा पुरावा कमजोर. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा मात्र ठळक. क्रोन्स या आतड्यांच्या दाहाच्या आजारात २००८ साली ओमेगा-३ च्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि आजार परत उलटू न देण्यात ते नापास झालं. गंमत अशी, की लहान मुलांच्या क्रोन्समध्ये काही आठवडे फक्त द्रवरूप पोषण देणं हा पहिल्या पसंतीचा, मुख्य प्रवाहातला उपचार आहे. म्हणजे आहार हे औषध असू शकतं हे मेडिसिनला ठाऊक आहे. चाचणीनं सिद्ध झालं की ते स्वीकारतात.

फिश ऑइलची एक गोळी रोज घेते. चालेल ना?

चालेल, पण तिच्याकडून सांध्यांची अपेक्षा ठेवू नका. बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. समोर ‘१००० मिग्रॅ’ लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. आत बहुतेक ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३००. आमवाताच्या चाचण्यांत वापरलेली मात्रा साधारण पावणेतीन ग्रॅमच्या पुढं, तीही तीन महिने. म्हणजे रोज नऊ गोळ्या. एका गोळीवर चार महिने काढून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांचा आणि ‘आहारानं काही होत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मात्र नऊ गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका. मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हे चाचण्यांत दिसलंय. पोट बिघडतं, ढेकरांना मासळीचा वास येतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग मासेच खाऊ. पण कोल्हापुरात कुठले?

सुरमई-पापलेटसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. बांगडा आणि तारली, ज्याला काही जण पेडवे म्हणतात, हे गरिबांचे मासे या कामात श्रीमंत आहेत. रत्नागिरी-मालवणची गाडी आली की मंडईत हेच सगळ्यात स्वस्त असतात. रोहू-कटल्यासारख्या नदीच्या माशांत ओमेगा-३ बरंच कमी.

आठवड्यातून दोनदा, तव्यावर थोड्या तेलात किंवा तिरफळ घालून आमटीत. कढईत बुडवून तळले की माशातलं चांगलं तेल कढईत आणि कढईतलं माशात जातं. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण येतो. त्या काळात सुक्या बांगड्यावर भिस्त ठेवू नका. वाळवताना त्यातलं तेल खवट होतं आणि मीठ रक्तदाब चढवतं. (वासावरून शेजाऱ्यांशी होणारं भांडण हा वेगळा विषय.)

आम्ही माळकरी. मासे नाहीत, अंडं नाही. आमचं काय?

जवस. गडहिंग्लज-चंदगडकडे जवसाची चटणी अजून ताटात असते, शहरात ती हौसेपुरती उरली. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३. एक मोठा चमचा दळलेल्या जवसातून साधारण दीड ग्रॅम मिळतं. दाणे अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात, त्यामुळे दळायचे. मंद आचेवर, तडतडू लागले की लगेच उतरायचे. लसूण, सुकं खोबरं, मिरची, मीठ. आठवड्यापुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. जवसाचं तेल फोडणीला वापरू नका, तापवलं की बिघडतं. कारळ्याची चटणी मला स्वतःला जास्त आवडते, पण कारळ्यांत ओमेगा-३ जवळपास नाही, तेव्हा ती जवसाची जागा घेत नाही.

अडचण अशी, की जवसातल्या ओमेगा-३ चं ईपीएमध्ये रूपांतर जेमतेम होतं, दहा टक्क्यांच्या आतच, आणि डीएचए तर नावापुरतं. इथं आपल्या मातीतला एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुण्याच्या परिसरातल्या शाकाहारी लोकांची जनुकं अमेरिकी लोकांशी ताडून पाहिली. हे रूपांतर जलद करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती पुण्यात सुमारे ६८ टक्के लोकांत होत्या, अमेरिकेत १८ टक्क्यांत. पिढ्यानपिढ्या शाकाहारावर राहिलेल्या समाजाची ती सोय असावी. पण हेच जनुक ओमेगा-६ पासून अॅराकिडॉनिकही जास्त बनवतं. म्हणजे परदेशी लोकांवरचे ‘तेलानं काही होत नाही’ हे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू पडतील का, हा रास्त प्रश्न आहे. आपल्याकडे दाहक आजारांत त्याची नीट चाचणी व्हायला हवी, आणि मुख्य प्रवाहानं ज्या गोष्टीकडे पाठ फिरवली आहे ती नेमकी हीच, असं माझं मत.

शैवालापासून काढलेल्या डीएचएच्या शाकाहारी गोळ्या मिळतात. महाग आहेत.

शेंगतेल, करडई, सूर्यफूल, की राइस ब्रान?

शेंगतेल खात असाल तर खात राहा. त्यात जवळपास निम्मं ओलेइक आम्ल, जे ऑलिव्हमध्येही मुख्य असतं, आणि साधारण तीस टक्के लिनोलेइक. करडईत लिनोलेइक पाऊण हिस्सा, सूर्यफुलात साठ टक्क्यांच्या वर. सोयाबीनमध्ये निम्मं, पण सोबत सातेक टक्के ओमेगा-३. मोहरीत ते आणखी थोडं जास्त, पण तिचा वास आपल्याकडे खपत नाही, हे मी मान्य केलंय. पामतेल जवळपास निम्मं संपृक्त (सॅच्युरेटेड), हॉटेलात आणि फरसाणाच्या दुकानात तेच जास्त.

आज्जीनं जन्मभर घाण्याचं शेंगतेल खाल्लं, नव्वदी गाठली. म्हणून आम्ही आता लाकडी घाण्यावरूनच डबा आणतो. बरोबर ना?

चव उत्तम, शेंगा आपल्या डोळ्यांदेखत घातलेल्या, पेंड घरच्या म्हशीला. पण आज्जीच्या काळात तेल पळीनं मोजून पडायचं. आता डबा पंधरा लिटरचा आणि हात सैल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलंय. चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर. म्हणजे पंधरा लिटरचा डबा चार महिने पुरायला हवा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते: डबा किती दिवसांत संपतो? उत्तर देताना लोक नवऱ्याकडे किंवा सुनेकडे बघतात, मग मला पुढचं विचारावं लागत नाही. घाणा की रिफाइंड हा प्रश्न त्यानंतरचा आहे. दाहाच्या बाबतीत त्यांच्यात मोठा फरक असल्याचं दाखवणारी चांगली चाचणी माझ्या वाचनात नाही.

तूप आणि म्हशीचं दूध? पैलवान तर वाडगाभर तूप खातात.

पैलवान पहाटे चारला उठून हजार जोर-बैठका मारतो. तुम्ही पण मारणार असाल तर बोलू.

दूध-दह्यानं दाह वाढतो असं चाचण्यांत दिसत नाही, त्यामुळे गंगावेशीच्या कट्ट्यावरचा पेला मी काढून घेत नाही. तुपात साठ टक्क्यांच्या वर संपृक्त स्निग्धाम्लं असतात. ती प्रयोगशाळेत पेशींना चिथावतात, माणसांत चित्र तेवढं स्वच्छ नाही. तरी आमवातात तूप हिशेबानं का? कारण या आजारात हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट असतो. सांधे सांभाळताना हृदय विसरायचं नाही. भातावर चमचाभर ठीक, वाटी नको.

तांबडा-पांढरा आणि मिसळ सोडावी लागेल?

सोडू नका. मी सांगितलं तरी सोडणार नाही. रविवारचं मटण आठवड्यातून एकदाच राहू द्या, आणि तांबड्यावर आलेला तवंग पळीनं बाजूला काढा. पांढऱ्याला नारळाच्या दुधाची संपृक्त चरबी असते, त्यामुळे ‘पांढरा हलका’ ही समजूत चुकीची. मिसळीचा कट दुसऱ्यांदा मागू नका, बस.

बाहेरची भजी, कटवडा?

इथं मी कडक आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा उकळलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडल्यानं तयार होणारे पदार्थ, साठतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, १ जुलै २०१८ पासून. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची, असाही नियम आहे. रंकाळ्यावरच्या गाडीला तो लागू होत नाही, आणि तिथं मीटर घेऊन कुणी उभं राहत नाही. तेल काळपट, फेसाळणारं, धूर लवकर सोडणारं दिसलं की पुढं चला.

घरचंही बघा. दिवाळीत चकल्या-शंकरपाळ्या तळून उरलेलं तेल गाळून डब्यात भरायचं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत भाजीच्या फोडणीला पुरवायचं, ही काटकसर सगळीकडे आहे. लहान कढई वापरा, तेल कमी घाला, म्हणजे टाकायला जीव तुटत नाही.

डालडा तर आता कुणी खात नाही ना?

डबा घेऊन कुणी खात नाही. खारी, टोस्ट, पफ, क्रीमरोल, स्वस्त मिठाई यांतून खातात. डालडा हे वनस्पती तूप आपल्याकडे १९३७ मध्ये आलं. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं, आणि दाहाशी त्याचं नातं सगळ्यात सरळ आहे. अमेरिकेतल्या ७३० परिचारिकांच्या अभ्यासात, २००५ साली, सर्वांत जास्त ट्रान्स फॅट खाणाऱ्या गटाचं सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त निघालं. जानेवारी २०२२ पासून भारतात २ टक्क्यांची मर्यादा आहे. पाकिटावर वाचता येतं, बेकरीच्या काचेआड वाचता येत नाही.

किती दिवसांत फरक कळेल? सीआरपी करून बघू?

तीन महिने धरा, पेशींचं आवरण हळूहळू बदलतं. सीआरपी, ईएसआर डॉक्टर सांगतील तेव्हाच करा. सर्दी-तापानंसुद्धा ते चढतं, आणि दर पंधरा दिवसांनी आकडा बघत बसलं की झोप उडते. त्यापेक्षा सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा. आणि पोटाचा घेर मोजा. पोटावरची चरबी स्वतःच दाहाची रसायनं सोडते, तेलाचा ब्रँड बदलण्यापेक्षा तो घेर कमी होणं मोलाचं.

आहार सुरू केलाय, बरं वाटतंय. आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी बंद करू?

नाही. बरं वाटणं आणि सांधा आतून झिजायचा थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेथोट्रेक्सेट आणि तिच्यासारखी औषधं हाडाची झीज रोखतात. कुठल्याही तेलानं किंवा चटणीनं ते केल्याचं सिद्ध झालेलं नाही. वेडीवाकडी झालेली बोटं परत सरळ होत नाहीत. आहाराच्या जोरावर कमी करायचीच असेल तर दुखण्याची गोळी, मूत्रपिंड आणि जठर त्यानं वाचतं. तीही डॉक्टरांना सांगून.

डॉक्टरांना आहाराबद्दल विचारलं की ते चिडतात. काय करू?

‘डॉक्टर, मी व्हिडिओ पाहिला’ अशी सुरुवात केली की संपलं. दोन ओळींची चिठ्ठी न्या: महिन्याला घरात तेल किती लिटर, आठवड्यात मासे किंवा जवस किती वेळा, कुठल्या पूरक गोळ्या, दुखण्याची गोळी आठवड्यात किती. वाचायला दहा सेकंद लागतात. मग एकच प्रश्न: ‘मासळीच्या तेलाची मोठी मात्रा माझ्या औषधांसोबत चालेल का?’ बहुतेक डॉक्टर याला नीट उत्तर देतात. न देणारे भेटले तर चिठ्ठी फाइलला लावून ठेवा.

माझं युरिक अॅसिड वाढलंय, त्यालाही हेच?

तो वेगळा आजार. तिथं तेलापेक्षा मटण, कलेजी, दारू आणि गोड पेयं बघावी लागतात. बांगडा-तारलीसुद्धा तिथं जपून.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. ओमेगा-३ ची गोळी आधी थांबवायची का?

हृदयाच्या ऑपरेशनच्या पेशंटांवरच्या एका मोठ्या चाचणीत, २०१२ साली, या गोळ्यांनी रक्तस्राव वाढल्याचं दिसलं नाही. तरी निर्णय सर्जनचा. भूलतज्ज्ञ आधी औषधांची यादी विचारतात, त्यात ही गोळी आणि तिची मात्रा सांगा. जवसाची चटणी सांगितली नाही तरी चालेल.